घरात येणारी तार कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



घरातले इंटरनेट मंद चालते, दूरचित्रवाणीवरचे चित्र ऐन वेळी गोठते, न पाहिलेल्या वाहिन्यांचे पैसे दरमहा द्यावे लागतात, या तक्रारी समाजवादी अभ्यासवर्गाचा विषय कशा होऊ शकतात, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्या देशात पिण्याच्या पाण्यासाठी बायकांना मैलभर चालावे लागते, तेथे ही सुखवस्तू माणसाची कुरकुर वाटू शकते. परंतु एखाद्या गाऱ्हाण्याचे महत्त्व ते कोण करतो यावरून ठरत नसून ते कोणत्या व्यवस्थेतून निर्माण होते यावरून ठरते. या दृष्टीने पाहिले तर तंत्रज्ञानाच्या हौशी माणसाची ही कुरकुर मक्तेदारीच्या अर्थशास्त्राचा उत्तम पाठ ठरते.

हा हौशी माणूस आता प्रत्येक गल्लीत आढळतो. तो स्वतः राउटर बसवतो, वायरी जोडतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे संच दुरुस्त करून देतो. शंभर मेगाबिट वेग म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबाइट नव्हेत, तर साडेबाराच, हे त्याला ठाऊक असते. जाहिरातीतल्या 'शंभरपर्यंत' या शब्दातले सारे मर्म 'पर्यंत'मध्ये आहे, हेही तो जाणतो. रात्री आठ ते अकरा या वेळात वेग का घसरतो, याचे कारण तो सांगू शकतो. एकाच मुख्य वाहिनीची क्षमता अनेक घरांना विकलेली असते आणि सर्वजण एकाच वेळी वापर करू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडे येते. अशी वाटणी ही स्वतः फसवणूक नव्हे, कारण सर्व घरे सर्व काळ पूर्ण क्षमता वापरत नाहीत. परंतु एवढी क्षमता किती घरांत वाटली आहे, हा आकडा ग्राहकाला सहसा सांगितला जात नाही. माल विकणाऱ्याने मापच झाकून ठेवावे, असा हा व्यवहार आहे.

हा माणूस मग महिनाभर रोज रात्री वेग मोजतो, तक्ता तयार करतो, तक्रार नोंदवतो. उत्तर येते, 'राउटर बंद करून पुन्हा सुरू करा.' तो ते शंभर वेळा करून चुकलेला असतो. दूरध्वनीच्या पलीकडे बसलेल्या तरुण कर्मचाऱ्याला छापील प्रश्नोत्तरांपलीकडे जाण्याची मुभा नसते. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, कारण तोही त्याच यंत्रणेचा अल्प वेतनावरचा बळी असतो. अखेर 'तक्रारीचे निवारण झाले' असा संदेश येतो आणि वेग होता तेथेच राहतो.

दूरचित्रवाणीची गोष्ट याहून बोलकी आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा वाहिनी एकच होती आणि ती सरकारची होती. १९९१ च्या आखाती युद्धानंतर गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले, गच्चीवर तबकड्या आल्या आणि १९९५ साली केबल व्यवसायासाठी कायदा करावा लागला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा दिला. तत्त्व थोर होते. व्यवहारात मात्र आकाश लोकांचे ठरले आणि घरात येणारी तार व्यापाऱ्याची राहिली.

नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१९ च्या प्रारंभी नवी दरपद्धती लागू केली. ग्राहकाने हवी ती वाहिनी निवडावी आणि तेवढेच पैसे द्यावेत, असा तिचा उद्देश सांगण्यात आला. प्रत्यक्षात काय झाले? पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जाळ्याचे शुल्क म्हणून १३० रुपयांपर्यंत आणि त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, हे एकही सशुल्क वाहिनी न घेता देण्याची पाळी आली. त्यापुढे सुटी वाहिनी महाग आणि गठ्ठा स्वस्त अशी किमतींची रचना झाली. पाच वाहिन्या हव्या असणाऱ्याने पंचवीस वाहिन्यांचा गठ्ठा घेणेच परवडावे, तर त्या निवडीला निवड म्हणता येत नाही. पुढे या नियमांत अनेक दुरुस्त्या झाल्या आणि २०२४ साली त्या शुल्कावरची कमाल मर्यादाही काढून टाकण्यात आली. शिवाय एका कंपनीचा सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या कंपनीकडे चालत नाही. सेवा बदलायची तर पैसे देऊन घेतलेले यंत्र अडगळीत टाकावे लागते. सिमकार्ड बदलून फोन तोच ठेवता येतो, मग हा बॉक्स का नाही, हा त्या हौशी माणसाचा प्रश्न बिनतोड आहे.

यावर बाजारवाद्यांचे उत्तर ठरलेले असते : 'सेवा पसंत नसेल तर दुसरी घ्या.' हे उत्तर जॉन स्टुअर्ट मिल या उदारमतवादी अर्थशास्त्रज्ञालाही मान्य झाले नसते. लंडनमधील गॅस आणि पाणी पुरवणाऱ्या अनेक कंपन्यांची उदाहरणे देऊन त्याने १८४८ सालीच दाखवले होते की, एकाच रस्त्याखाली अनेकांनी नळ टाकणे हा श्रमाचा आणि भांडवलाचा अपव्यय आहे. जेथे सारा खर्च जाळे उभारण्यात होतो आणि आणखी एक घर जोडण्याचा खर्च नगण्य असतो, तेथे स्पर्धा फार काळ टिकत नाही. इमारतीत शिरणाऱ्या तारेचे हेच आहे. अनेक गृहसंस्थांत एखाद्याच पुरवठादाराला प्रवेश मिळतो. लहान गावांत तर दुसऱ्या तारेचा प्रश्नच उद्भवत नाही.

पण निवड खरोखर उपलब्ध असली तरी काय होते? आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या प्रश्नाचा मूलगामी विचार मांडला. संस्था ढासळू लागली की तिच्या ग्राहकापुढे दोन मार्ग असतात. एक, सोडून जाणे. दुसरा, आवाज उठवणे. नायजेरियातील रेल्वेच्या अनुभवावरून त्याने दाखवले की, मालमोटारींचा पर्याय उपलब्ध होताच सर्वांत चोखंदळ ग्राहक प्रथम निघून गेले. जे भांडले असते तेच गेले, आणि मागे उरलेल्यांचा आवाज कोणी ऐकेना. रेल्वे अधिकच ढासळली. खाजगी कंपन्यांविषयीही त्याचे निरीक्षण मार्मिक आहे. सर्वच कंपन्यांचा माल सदोष असला की त्या एकमेकींचे नाराज ग्राहक नुसते अदलाबदल करीत राहतात. ग्राहकाला आपण शिक्षा केली असे वाटते आणि कोणत्याच कंपनीचे काही बिघडत नाही. आमचा हौशी माणूस दर दोन वर्षांनी पुरवठादार बदलतो आणि दर दोन वर्षांनी तोच तक्ता नव्याने तयार करतो, त्याचा अन्वयार्थ हा आहे.

भारतातील सार्वजनिक दूरसंचाराचा इतिहास याच चौकटीत वाचावा लागतो. येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सरकारी मक्तेदारीच्या काळात फोनसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि लाइनमनची मनधरणी करावी लागे. मक्तेदारी सरकारी झाली की ती आपोआप लोकांची होते, हा भ्रम त्या काळाने पुरता घालवला आहे. तसेच २०१६ नंतर मोबाइल इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले, हेही खरे आहे. परंतु १ ऑक्टोबर २००० रोजी कारभार हाती घेतलेल्या भारत संचार निगमाचे पुढे जे झाले, ते केवळ अकार्यक्षमतेचे फळ नव्हते. खाजगी कंपन्यांची चौथ्या पिढीची सेवा देशभर पसरली, तेव्हा निगमाला ती देण्याची साधने वेळेवर मिळाली नाहीत. ३१ जानेवारी २०२० रोजी सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने एकाच दिवशी बाहेर पडले. खांबावर चढून बिघाड शोधणारे अनुभवी हात त्यांच्याबरोबर गेले. त्यापूर्वीच भांडू शकणारा ग्राहक खाजगी तारेकडे निघून गेला होता. म्हणून या घसरणीविरुद्ध मोर्चा निघाला नाही. निघाले असतील ते कर्मचाऱ्यांचे. ग्राहक त्यांत नव्हता. कामगार आणि ग्राहक यांची ही फारकत चळवळीने गंभीरपणे तपासली पाहिजे.

आवाज उठवायचा, तर तो कोठे? ट्राय व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करीत नाही. कंपनीच्या तक्रार केंद्राने दाद दिली नाही, तर अपील करायचे तेही त्याच कंपनीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने १८८५ च्या तार कायद्याच्या आधारे टेलिफोनविषयक वाद ग्राहक मंचांच्या कक्षेबाहेर ठेवले. कंपन्यांनी या निर्णयाची ढाल बारा वर्षांहून अधिक काळ वापरली. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने एका खाजगी कंपनीच्या प्रकरणात ग्राहक मंचाचा अधिकार मान्य केला आणि दार उघडले. हे दार उघडे आहे, हे किती ग्राहकांना माहीत आहे?

आता मूळ शंकेकडे वळू. हा मध्यमवर्गाचा प्रश्न आहे काय? १९९५ साली १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, तेव्हा तो तसा होता. आज शेतकऱ्याला सातबारावर पिकाची नोंद करण्यासाठी ई-पीक पाहणी करावी लागते, विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरावा लागतो, रेशन दुकानातले यंत्र जोडणीवाचून अंगठा ओळखत नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच तारेवर आली, आणि ज्यांच्या घरी तार नव्हती त्यांची मुले वर्गाबाहेर राहिली. मोबाइलचे मनोरेसुद्धा अखेरीस जमिनीतल्या काचतंतूंवरच अवलंबून असतात. हौशी माणसाला निदान आपली फसवणूक मोजता येते. ज्या विधवेचा अर्ज 'सर्व्हर डाऊन' या दोन शब्दांवर परत जातो, तिला दोष कोणाचा हेही कळत नाही. ती स्वतःलाच दोष देते.

म्हणून तार ही रस्त्यासारखी सार्वजनिक सोय मानली पाहिजे. ही कल्पना स्वप्नाळू नाही. स्टॉकहोम नगरपालिकेच्या मालकीच्या कंपनीने १९९४ पासून शहरात काचतंतूंचे जाळे टाकले. ती स्वतः इंटरनेट विकत नाही. सर्व पुरवठादारांना समान अटींवर तंतू भाड्याने देते. रस्ता नगराचा, गाड्या अनेकांच्या. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेत चॅटानूगा शहराच्या सार्वजनिक वीज कंपनीने २०१० साली सेकंदाला एक गिगाबिट वेगाची सेवा घरोघर देऊ केली. तिला अडवण्यासाठी केबल कंपन्या आधीच न्यायालयात गेल्या होत्या, आणि कायद्याने तिला आपल्या वीजक्षेत्राबाहेर जाऊ दिलेले नाही. केरळ सरकारने वीजमंडळाच्या खांबांवरून स्वतःचे जाळे नेले आणि जून २०२३ मध्ये ते सुरू केले. वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणीच्या उद्दिष्टाच्या मानाने त्याची गती मंद राहिली, हे लपवण्याचे कारण नाही. त्यातून शिकण्याचे कारण आहे. मुंबईने ७ ऑगस्ट १९४७ रोजी बस आणि वीज नगरपालिकेच्या ताब्यात घेतली, ही परंपरा तर घरचीच आहे.

केंद्राने २०११ साली अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना मंजूर केली. पुष्कळ ठिकाणी तंतू पंचायतीच्या कपाटापर्यंत पोहोचला आणि तेथेच थांबला. शाळा, दवाखाना, घर येथवर तो न्यायचा कोणी आणि तुटला तर जोडायचा कोणी, हा प्रश्न निविदेत नव्हता. गावागावांत पाणीवापर संस्था आणि दूध सोसायट्या चालवलेल्या महाराष्ट्राला हे काम अशक्य नाही.

मोठ्या बदलाची वाट पाहत स्वस्थ बसण्याचेही कारण नाही. काही कामे कार्यकर्त्यांना आजच हाती घेता येतील. प्रत्येक वस्तीतील अशा हौशी माणसाला गाठावे. त्याने एकट्याने केलेला तक्ता हे गाऱ्हाणे असते. तीस घरांनी एकाच आठवड्यात, एकाच वेळी केलेला तक्ता हा पुरावा असतो. तो घेऊन ग्राहक आयोगाकडे सामूहिकपणे जावे. गृहसंस्थांनी एकाच पुरवठादाराशी करार करून इतरांना दार बंद करू नये, असा ठराव सभासदांकडून करून घ्यावा. किमान वेग आणि एका वाहिनीवरील घरांची संख्या बिलावर छापण्याची सक्ती व्हावी, सेट-टॉप बॉक्स कोणत्याही सेवेला चालावा, बिघाडाच्या दिवसांचे पैसे मागणी न करता वजा व्हावेत, या मागण्या आमदार-खासदारांपुढे लेखी मांडाव्यात. ग्रामसभेत पंचायतीच्या बंद पेटीचा हिशेब विचारावा. दुरुस्ती करणाऱ्या कंत्राटी तंत्रज्ञांनाही या कामात बरोबर घ्यावे, कारण तारेचे खरे दुखणे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

१९७२ च्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्यापूर्वी तेलाचे आणि साखरेचे भाव हीसुद्धा स्वयंपाकघरातली खाजगी कुरकुरच समजली जात होती. घराघरांत एकट्याने सोसले जाणारे दुःख एकमेकांना सांगितले गेले, तेव्हा त्याचे राजकारण झाले. आज घराघरांत पडद्यासमोर बसून प्रत्येकजण आपापला राउटर बंद करून पुन्हा सुरू करीत आहे. त्यांची एकमेकांशी गाठ घालून देणे, हे काम कोणतीही कंपनी करणार नाही. ते कार्यकर्त्यांचेच आहे.