आधी फी, मग माफी
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांत आपल्या इमारतीत बंबाची गाडी दोनदा आली. एकदा मीटरच्या खोलीत धूर झाला म्हणून, एकदा मांज्यात अडकलेल्या कबुतरासाठी. (हसू नका, फोन मीच केला होता.) दोन्ही वेळा ती माणसं चहासुद्धा न घेता गेली.

९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली. संजय राणे आणि महेंद्र देसाई त्याच दिवशी गेले. सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर नंतर इस्पितळात. त्याआधी २००८ साली गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याची बंदूक धरून ठेवली, ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. अशा वेळी आपण मेणबत्त्या लावतो, हार घालतो. जूनमध्ये त्या घरातल्या मुलांची कॉलेजची फी कशी भरली गेली, हे कोणी विचारत नाही.

सैन्याच्या बाबतीत सरकारने विचार केला आहे. १९७१ च्या युद्धानंतर शहीद आणि अपंग जवानांच्या मुलांना शिक्षण शुल्कात सवलत मिळाली. २०१७ मध्ये तिला महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली. ओरड झाली, २०१८ मध्ये ती काढली. २०१९ मध्ये पंतप्रधान शिष्यवृत्ती दहशतवादी किंवा नक्षलवादी हल्ल्यात गेलेल्या राज्य पोलिसांच्या मुलांनाही लागू झाली. मुलांना महिना २,५००, मुलींना ३,०००. चांगलंच झालं. पण आगीत गेलेला अग्निशमन जवान त्या वाढीव यादीत बसत नाही.

आणि यादीत बसलं तरी पुढे कागद असतात. मी बँकेत असताना अशाच एका जवानाची पत्नी काउंटरवर आली. मुलीच्या फीसाठी मदत मंजूर होती, पण आधी फी भरा, पावती आणा, मग पैसे. नवऱ्यामागे मिळालेली रक्कम मुदत ठेवीत होती. मी म्हटलं, "वहिनी, ठेव मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या." त्या म्हणाल्या, "साहेब, ह्यांच्या पैशावर मी व्याज भरू?" ठेव मोडली. मुदतीआधी मोडली म्हणून नियमाप्रमाणे एक टक्का कापला. सही माझी होती. हिशेब बरोबर होता, पण रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून एक सूचना. समारंभाच्या वर्गणीतून जे उरेल, त्याची पुन्हा जेवणावळ घालू नये. ते बाजूला ठेवावं. आपल्या लालबाग-परळमधल्या अशा घरातल्या मुलाला फीपुरती बिनव्याजी उचल द्यावी, परतावा आला की त्यांनी ती परत करावी. खातं बघायला मी तयार आहे, डोळे अजून शाबूत आहेत. येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडतो. अनुमोदक कोण, ते आजच कळलं तर बरं.