विषाद वारशाने येतो काय?



आजचा विषय प्रयोगशाळेतला असला तरी त्याचा उगम घराघरांत आहे. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी महिनाभर गप्प असते, जेवण टाकते, मैत्रिणींना टाळते, पहाटे तीन वाजता जागी होऊन पडून राहते, आणि मग घरातील वडीलधारे हलक्या आवाजात म्हणतात, "हिच्या आत्याचंही असंच व्हायचं." या एका वाक्यात विज्ञान किती आणि भीती किती, हे आज आम्हांस आपणांसमोर मांडावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. परीक्षेत गुण कमी पडले म्हणून दोन दिवस तोंड उतरले, तर तो रोग नव्हे. निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज मन खचलेले असणे, कशातही गोडी न वाटणे आणि त्यामुळे झोप, भूक, अभ्यास यांचा विसकोट होणे, याला वैद्यक विषाद किंवा डिप्रेशन म्हणते. कुमारवयात दुःखाऐवजी पुष्कळदा चिडचिडच दिसते, आणि तिला आपण उद्धटपणा समजून बसतो. वयात येताना हा आजार वाढू लागतो, आणि मुलग्यांपेक्षा मुलींत तो सुमारे दुप्पट आढळतो.

आता अनुवंशाकडे वळू. एकरूप जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात. भिन्नरूप जुळ्यांत इतर भावंडांइतकेच साम्य असते. या दोन प्रकारच्या जोड्यांत आजार किती जुळतो, याची तुलना करून शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. असे अनेक अभ्यास एकत्र करून २००० साली जो आकडा निघाला, तो सुमारे ३७ टक्के होता. पण त्याचा अर्थ नीट घ्यावयास हवा. एखाद्या मुलीच्या दुःखातील ३७ भाग आईबापांकडून आले, असे तो सांगत नाही. एका गावातील ज्वारी कुठे भरघोस, कुठे खुरटी दिसते. या फरकात बियाण्याचा वाटा किती, एवढेच असला आकडा सांगतो. एकाच ताटापुढे उभे राहून बी किती आणि पाऊस किती, हे कोणासही सांगता यावयाचे नाही.

मग ते बी कोणते? येथे एक बोधप्रद कथा आहे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांवर शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. त्यांच्यापैकी ८४७ जणांची माहिती तपासून २००३ साली असे जाहीर झाले की, मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याच्या ने-आणीशी संबंधित जनुकाचा आखूड प्रकार ज्यांच्यात असतो, ते आयुष्यातील आघातांनी अधिक खचतात. जगभर आनंद झाला. विषादाचे जनुक सापडले, असेच पुष्कळांस वाटले. परंतु २००९ साली असे १४ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा त्या जनुकाचा प्रभाव दिसेना. आघातांचा आणि विषादाचा संबंध मात्र तसाच टिकून होता. जनुक गळाले, आघात उरला! पुढे २०१९ साली अशा १८ गाजलेल्या जनुकांची लाखो लोकांत परीक्षा झाली, आणि सहज उचललेल्या कोणत्याही जनुकांहून त्यांचे महत्त्व अधिक ठरले नाही.

म्हणजे अनुवंश खोटा काय? नव्हे. तो एका जनुकात नाही, एवढेच. २०१९ साली आठ लाखांहून अधिक लोकांच्या तपासणीत विषादाशी संबंध असलेले १०२ जनुकीय फरक आढळले. २०२५ साली ही संख्या ६९७ वर गेली. प्रत्येकाचा परिणाम मात्र कणभर आहे. त्यातील कित्येक कण या सभागृहातील प्रत्येकात असणार, आमच्यातही आहेतच. आणि आजवरची बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची असल्यामुळे तिच्यावरून आपल्या मुलांचे भाकीत करणे अधिकच धोक्याचे. रक्त तपासून 'हे मूल पुढे विषण्ण होणार' असे सांगणारी कसोटी आज उपलब्ध नाही. कोणी ती विकू लागला, तर पैसे घरीच ठेवावेत.

वारशाची दुसरीही एक बाजू आहे. २००६ साली अमेरिकेत विषादग्रस्त १५१ माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार मातांवर झाले. ज्या माता तीन महिन्यांत बऱ्या झाल्या, त्यांच्या आधीपासून मानसिक विकार असलेल्या मुलांपैकी ३३ टक्के मुलांचा विकार ओसरला; ज्या बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्या मुलांत हे प्रमाण १२ टक्केच होते. तीन महिन्यांत कोणाचीही जनुके बदलत नाहीत, श्रोतेहो. बदलले ते घर.

आता पुन्हा त्या आत्याकडे येऊ. आपल्याकडे अशी आत्या लपविली जाते. सोयरीक मोडेल, लोक नावे ठेवतील, म्हणून तिचे नाव निघाले की विषय बदलतो. याचा दंड भरते ती पुढल्या पिढीची मुलगी. तिला वाटते, हे जगात आपल्या एकटीलाच झाले. आमच्या मते आत्याची हकीकत दोन ठिकाणी मोकळेपणाने सांगितली पाहिजे. पहिले ठिकाण डॉक्टरांचे. कारण घराण्याचा इतिहास कळला, तर आजार लवकर ओळखता येतो. दुसरे ठिकाण त्या मुलीपाशी: "आत्यालाही असं झालं होतं. यात तुझा दोष नाही, आणि यावर उपाय आहे." जीव नकोसा होतो का, हेही तिला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट तिचा भार हलका होतो. रात्री-अपरात्री कोणी जवळ नसेल, तर २०२२ साली सरकारने सुरू केलेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

कुंडलीतील मंगळास भिणाऱ्या समाजाने आता जनुकांची नवी कुंडली मांडून भिऊ नये, एवढीच आमची विनंती. बियाणे आपल्या हाती नव्हते. पाणी घालणे आहे.