जंतूंचे कवच आणि फवारणाऱ्याचा जीव



कामगारांच्या सभेत बोलणाऱ्यांनी शेतीच्या औषधांवर व्याख्यान का द्यावे, अशी शंका आपल्यापैकी काहींना आली असेल. आमचे उत्तर सरळ आहे. २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात विषारी औषधे फवारताना २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात गेले. कारखान्यातल्या यंत्राला जाळी बसवा, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. शेतातल्या फवाऱ्याला जाळी बसत नाही. तेथे औषधच बदलावे लागते. म्हणून हा विषय आमचाच आहे.

माणसाप्रमाणे किडीलाही रोग होतात. १९०१ साली जपानात इशिवाता यांना रेशमाचे किडे मारणारा एक जंतू आढळला. पुढे १९११ साली जर्मनीत बर्लिनर यांना तो पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडला, आणि थुरिंजिया प्रांतावरून त्याचे नाव ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ असे पडले. आपण त्याला ‘बीटी’ म्हणतो. या जंतूच्या पोटी प्रथिनाचा एक स्फटिक असतो. अळीने तो पानाबरोबर खाल्ला, की तिच्या आतड्यातल्या क्षारात तो विरघळतो आणि आतड्याला भोके पाडतो. काही तासांत अळी खाणे सोडते, दोन-तीन दिवसांत मरते. आपल्या जठरात क्षार नसून आम्ल असते, आणि तो स्फटिक ज्या जागी चिकटतो त्या जागाही आपल्या आतड्यात नाहीत. हरभऱ्याच्या घाटेअळीवर असाच एक विषाणू चालतो; त्याने मेलेल्या अळ्या झाडाच्या शेंड्याला उलट्या लोंबताना दिसतात.

मग हे औषध घरोघरी का नाही? कारण ते जिवंत आहे, आणि जिवंत वस्तूला ऊन बाधते. सूर्याच्या अतिनील किरणांनी पानावरच्या जंतूंचा जोर थोड्याच दिवसांत, कधी तर काही तासांतच, ओसरतो. पत्र्याच्या गोदामात ठेवले तर बाटलीतच मरते. शेतकरी एकदा फसला, की पुन्हा जुन्या विषाकडे वळतो आणि त्याचा पंप मजुराच्या पाठीवर चढतो.

निसर्गाने यावर थोडी तोड काढलेली आहे. घाटेअळीचा विषाणू प्रथिनाच्या गोळीत बंदिस्त असतो. ती गोळी अळीच्या आतड्यातच उघडते. पण तेवढ्याने ऊन अडत नाही. म्हणून या विषाणूच्या फवाऱ्यात कपड्यांची नीळ मिसळण्याची शिफारस होत आली. फवारणी संध्याकाळी करावी, तीही याच कारणाने.

शास्त्रज्ञांनी याच्यापुढे पाऊल टाकले. अमेरिकेत पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत १९८८ साली बीटीला पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, कवच चढवल्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यात ऊन शोषणारे पदार्थही घालता येतात. दुसरी रीत समुद्री शेवाळापासून काढलेल्या सोडियम अल्जिनेटची. त्याच्या द्रावणात जंतू कालवून थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडले, की प्रत्येक थेंबाची साबुदाण्यासारखी गोळी बनते.

पण कवच म्हणजे जादू नव्हे. ते उन्हात टिकले पाहिजे आणि अळीच्या पोटात उघडलेही पाहिजे. फार जाड झाले तर अळीला आतल्या जंतूचा उपयोग होणार नाही. मोठी गोळी मातीत टाकायला ठीक; फवाऱ्याला मात्र अगदी बारीक भुकटीच हवी, नाही तर नोझल तुंबते. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकणारा मजूर ज्याने पाहिला आहे, त्याला ही बाब क्षुल्लक वाटणार नाही. शिवाय जंतू आहेत म्हणून काळजी नको, असेही नाही. भुकटी डोळ्यांत, नाकात जाऊ नये म्हणून तोंड झाकलेच पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. कवच चढवायला खर्च येतो आणि औषध महाग होते, असे आम्हांला सांगतात. आम्ही विचारतो, विषाच्या बाटलीची किंमत मोजताना मजुराचा बुडालेला रोज, दवाखान्याचे बिल आणि विधवेचे उरलेले आयुष्य कोणत्या खात्यात मांडता? तो आकडा धरला, तर स्वस्त काय आणि महाग काय, हे उलटे दिसू लागेल.

म्हणून आमच्या मागण्या तीन. कवचाचे संशोधन आपल्या उन्हात, आपल्या पिकांवर व्हावे आणि त्याला सरकारी पैसा मिळावा. जिवंत जंतूंची संख्या व मुदत मराठीत ठळक छापावी, आणि दुकानात तो माल थंड जागी ठेवावा. आणि कोणतेही फवारणीचे औषध पसंत करताना, फवारणाऱ्याला विचारावे.

आपण शहरात राहता. भाजी मात्र त्याच शेतातून येते. ती निवडताना, तिच्यावर पंप मारणाऱ्या माणसाची आठवण ठेवावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.