परक्या मुलखातली शाळा आणि आपली वाडी
(मुळशी तालुक्यातल्या वाड्यांच्या मेळाव्यात, वाडीवर शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांनी केलेलं भाषण.)



जमिनीच्या मेळाव्यात शाळेचा विषय कशाला काढला, असं काही जण म्हणतील. पण शाळा आणि जमीन यांचं नातं फार जवळचं आहे. ते दाखवायला आम्ही लांबच्या मुलखातली गोष्ट सांगणार आहोत.

आपल्या पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात, केडगावला पंडिता रमाबाईंची मुक्ती संस्था आहे. या रमाबाई इंग्लंडात शिकत होत्या, शिकवतही होत्या. १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढं दोन वर्षांच्या वर त्या देशात फिरल्या. तिथल्या शाळा त्यांनी शिक्षिकेच्या नजरेनं पाहिल्या. परत येऊन १८८९ साली अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं.

तिथं काय होतं? सरकारी शाळेत फी नव्हती. लोकांनी भरलेल्या करावर शाळा चाले. बहुतेक शाळांत मुलगे-मुली एकत्र शिकत आणि शिकवणाऱ्यांत बायाच जास्त. शाळेचा कारभार गावातल्या लोकांनी निवडलेली समिती पाही. लहान पोरांना गाणी, खेळ, ठोकळे, मातीकाम यांतून शिकवत. ही रीत जर्मनीच्या फ्रोबेल गुरुजींची. रमाबाई स्वतः ती शिकल्या आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा ती सोबत घेऊन आल्या. ज्या काळात आपल्याकडं विधवेनं पाटी धरली तर लोक नावं ठेवत, तेव्हाची ही गोष्ट.

इथवर ऐकून वाटेल, वा, काय देश आहे! पण पुढचं ऐका.

त्या देशात १७८५ साली कायदा झाला. नवीन मुलूख मोजायचा, सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन पाडायचे. एका चौकोनाचे ३६ भाग. त्यातला सोळावा भाग, म्हणजे ६४० एकर, शाळेसाठी राखायचा. कायदा चांगलाच. पण तो मुलूख कोणाचा होता? तिथल्या आदिवासींचा. त्यांना मागं रेटून, करार करून आणि मोडून घेतलेला. मूळच्या रहिवाशांवर झालेला हा अन्याय रमाबाईंनीही लिहून ठेवला आहे.

मग आदिवासींच्या पोरांना कसली शाळा मिळाली? फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे, त्याच राज्यात कार्लाइल गावी १८७९ साली एका लष्करी अधिकाऱ्यानं निवासी शाळा काढली. पोरं आईबापापासून शेकडो कोस लांब नेली. केस कापले, नावं बदलली, कपडे बदलले. आपली भाषा बोललं की शिक्षा. अशा शाळा पुढं देशभर निघाल्या.

आणि १८८७ साली, रमाबाई तिथं असतानाच, दुसरा कायदा आला. आदिवासींची सामाईक जमीन तोडून एकेका कुटुंबाला तुकडा द्यायचा, उरलेली ‘जादा’ म्हणून बाहेरच्यांना खुली करायची. मिळालेले तुकडेही विक्रीत आणि करापायी गेले. तेव्हा १३ कोटी ८० लाख एकर जमीन आदिवासींकडं होती. १९३४ साली ४ कोटी ८० लाख उरली.

म्हणजे बघा, एकाच काळात पोरांची भाषा गेली आणि बापाची जमीन गेली. जंगलाचं नाव, ओढ्याचं नाव, शिवेचा दगड कुठला, हे आजा आपल्या भाषेत सांगतो. नातवाला ती भाषाच येत नसेल तर हद्द कोण दाखवणार?

पण तिथले आदिवासी गप्प बसले नाहीत. १९६६ साली नावाहो लोकांनी रफ रॉक इथं स्वतःच्या कारभाराखाली शाळा सुरू केली. समिती त्यांची, भाषाही त्यांची.

आता आपलं. घरात आपण कातकरी बोलतो, पुस्तक बोलतं पुण्याचं. पोर दोन वर्षं गप्प बसतं, मग मास्तर म्हणतात, याला डोकं नाही. दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला सगळं घर वीटभट्टीवर. हजेरी तुटली की नाव गळालं. इकडं घराखालची जागासुद्धा सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या नावानं. १९२१ साली याच मुळशीत धरणासाठी जमिनी गेल्या, लोकांनी सत्याग्रह केला. तेव्हाही कागद एका बाजूला आणि कसणारा दुसऱ्या बाजूला.

आश्रमशाळेला आमचा विरोध नाही. पोराच्या पोटाला मिळतं, ते आम्हाला कळतं. पण सहा वर्षांचं पोर वाडी सोडून लांब पाठवायलाच लागू नये.

म्हणून आम्ही तीन गोष्टी मांडतो. पहिली, चौथीपर्यंतची शाळा वाडीतच हवी आणि सुरुवात आपल्या बोलीत हवी. राज्यघटनेच्या कलम ३५० क मध्ये मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगितलं आहे. आपण काही भीक मागत नाही. दुसरी, भट्टीच्या हंगामात पोरांना वाडीत ठेवायची सोय करा, नाहीतर भट्टीवर शाळा द्या. तिसरी, मोठ्या पोरांना सातबारा, फेरफार आणि पीकपाहणी वाचायला आम्ही शिकवू. संध्याकाळी आईबापांनीही यावं. अंगठा उठवण्याआधी कागद घरात वाचला गेला पाहिजे.

प्रत्येक वाडीनं दोन बाया आणि दोन गडी शाळेच्या कामासाठी निवडावेत. त्यांची नावं आजच, मेळावा उठायच्या आत, आमच्याकडं द्यावीत. दिवाळीला फार दिवस राहिले नाहीत.

जिंदाबाद!