नाण्याबरोबर नोंदही



या नाणे परिषदेच्या आणि प्रदर्शनाच्या स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे गोदाकाठी मनःपूर्वक स्वागत. नाशिकला भाविक येतात, द्राक्षांचे व्यापारी येतात. पण चलनातून कधीच उठलेल्या पैशांसाठी एवढी माणसे जमण्याचा योग विरळाच. तरीही ही भूमी आपल्या छंदाला परकी नाही. मराठा काळात पडलेल्या काही रुपयांवर गुलशनाबाद हे या शहराचे मोगली नाव आढळते. चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी रुपया दूरवर चालत असे. नाशिक रोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत, आणि डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था अंजनेरीच्या पायथ्याशी आहे. सर्वांत जुना दाखला पांडवलेण्यांतला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी विणकरांच्या दोन श्रेणींकडे कार्षापण ठेव म्हणून ठेवले, त्यांवरचे व्याज ठरवून दिले, आणि एका सुवर्णाला ३५ कार्षापण हा विनिमयाचा दरही दगडात कोरून घेतला. कार्षापण कधीच खर्ची पडले. दर कळतो तो नोंद राहिली म्हणून. आजच्या स्वागतात जे एकच म्हणणे आपल्यापुढे ठेवायचे आहे, त्याचे बीज या शिलालेखात आहे.

त्या म्हणण्याचा भक्कम पुरावाही याच जिल्ह्यात सापडला. १९०६ साली दारणा-गोदावरी संगमाजवळच्या जोगळटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो तपासला आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नाणी १३,००० हून अधिक होती, आणि सगळी नहपानाची. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचे पर्वतचिन्ह चढले होते, मागच्या बाजूवर उज्जैन चिन्ह. पांडवलेण्यांतीलच गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आपल्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निर्मूल केल्याचे सांगतो. आईने मुलाची केलेली ती स्तुती होती. जोगळटेंभीच्या साठ्याने तिला धातूची साक्ष दिली.

आता ही साक्ष नेमकी कशात होती, ते पाहिले पाहिजे. नहपानावर गौतमीपुत्राचा ठसा असलेले एक सुटे नाणे हाती आले तर एवढेच कळते, की नहपानाचे नाणे गौतमीपुत्राने पुन्हा चालवले. पण या दोघांच्या मधल्या काळातल्या तिसऱ्या कोणा राजाचे नाणे साठ्यात नव्हते, ठसा मारलेली आणि न मारलेली नाणी एकत्र पुरलेली होती आणि त्यांचे प्रमाण अमुक होते, या गोष्टी कोणत्याही एका नाण्यावर लिहिलेल्या नसतात. त्या साठ्याच्या एकत्र असण्यात असतात. जोगळटेंभीची पुष्कळ नाणी पुढे जगभरच्या संग्रहांत विखुरली. तरी इतिहासाचे नुकसान मर्यादित राहिले, कारण विखुरण्याआधी मोजणी आणि वर्णन झाले होते. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या पोटीन या मिश्रधातूच्या नाण्यांचा साठा मिळाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो नाण्यागणिक वाचला, म्हणून कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी ही पुराणांच्या यादीत नसलेली नावे इतिहासाला मिळाली. तोच साठा मूठमूठ करून चार बाजारांत विकला गेला असता, तर पुसट अक्षरांची ती नाणी किलोच्या भावात गेली असती. म्हणून आमचे म्हणणे असे : नाणे विकायला हरकत नाही, विकत घ्यायला हरकत नाही, पण त्याच्याबरोबर त्याची नोंदही हातोहात गेली पाहिजे. मोठ्या नाणे प्रदर्शनाचे यश उलाढालीच्या आकड्याइतकेच या कसोटीवरही मोजले जावे.

यावर पहिला आक्षेप येतो तो कायद्याच्या आणि पुरातत्त्वाच्या बाजूने. नाण्यांचा खासगी व्यापार हेच मूळ दुखणे आहे. मागणी आहे म्हणून शेतात धातुशोधक फिरतात, साठे फुटतात. अशा बाजाराला परिषदेची प्रतिष्ठा कशाला द्यायची? आक्षेप गंभीर आहे, आणि त्यातला निम्मा भाग आम्हाला मान्य आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे. ती विकण्याचा व्यवसाय करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. शंभर वर्षांची ही रेघ दरवर्षी पुढे सरकते. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि चित्र बदलावे लागले. तो रुपयाही आता पुरावस्तूच आहे. ताजा फुटलेला साठा या सभागृहात कोणाच्याही टेबलावर येऊ नये, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. पण आक्षेपाचा दुसरा निम्मा भाग टिकत नाही. संग्राहक नसता तर सुटे सापडलेले प्रत्येक नाणे संग्रहालयात गेले असते, असे मानायला आधार नाही. चांदीचे नाणे सोनाराच्या मुशीत आणि तांब्याचे भंगारात जाण्याचा रस्ता त्याहून जवळचा आहे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी खासगीत जमवलेल्या वस्तूंतून तिथले शासकीय संग्रहालय उभे राहिले, आणि सातवाहनकालीन तेरचा अभ्यास आज त्या संग्रहावाचून होत नाही. एखाद्या सरकारी पेटीत यादीविना पडलेले नाणे आणि खासगी तिजोरीत यादीविना पडलेले नाणे, दोन्ही सारखीच मुकी. दोष मालकीत शोधण्यापेक्षा मुकेपणात शोधावा.

दुसरा आक्षेप विक्रेत्यांचा आहे, आणि तो व्यवहाराचा आहे. माल कुठून येतो हे सांगितले की धंदाच उघडा पडतो. उद्या गिऱ्हाईक थेट त्या गावी जाईल. शिवाय ठिकाण लिहिले की चौकशीचा ससेमिरा मागे लागेल. यातली पहिली भीती समजण्यासारखी आहे, म्हणून आम्ही कोणाकडेही माणसाचे नाव मागत नाही. तालुका, सोबत आणखी कोणती नाणी होती, वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो, एवढ्यावर अभ्यासकाचे काम होते. दुसऱ्या भीतीचे उत्तर असे, की परवानाधारक विक्रेत्याने नोंदवह्या आणि छायाचित्रे ठेवावीत ही अपेक्षा १९७२ च्या कायद्यातच आहे. नोंद ठेवणारा अडचणीत येत नाही, न ठेवणारा येतो. आणि भावाचाच विचार करायचा तर जगातल्या मोठ्या लिलावांत जुन्या संग्रहाची, छापील कॅटलॉगाची साखळी असलेल्या पीसला बोली चढते, हे इथल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. मागच्या मालकाचे पाकीट आणि त्यावरचे हस्ताक्षर फेकून नाणे नव्या होल्डरमध्ये घालणारा विक्रेता आपल्याच मालाची किंमत उतरवतो.

तिसरा आक्षेप नव्या, लहान संग्राहकांचा. आमच्याकडे ना सातवाहन ना क्षत्रप. शिवराई, षष्ठ जॉर्जचे आणे आणि प्रजासत्ताकाची एक-दोन रुपयांची नाणी. त्यांची कसली नोंद करायची? खरे तर नोंदीची सर्वाधिक गरज तिथेच आहे. शिवराईवर एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपति. हे नाणे शिवकाळापासून इंग्रजी अमलापर्यंत अनेक टांकसाळींत पडत राहिले. शिव हा शब्द सिव, सीव, शीव असा लिहिला गेला, वजने घटत गेली, ठशांतल्या खुणा बदलल्या. यांतली कोणती कुठली आणि कोणत्या काळातली, हे एका दुर्मिळ नाण्यावरून कळणार नाही. हजारो घासलेल्या शिवराया वजन करून, शेजारी शेजारी ठेवून, मिळाल्याचे ठिकाण लिहूनच कळेल. केनेथ विगिन्स आणि के. के. महेश्वरी यांचा मराठा टांकसाळींवरचा ग्रंथ १९८९ साली अंजनेरीच्या संस्थेने काढला. असे ग्रंथ संग्राहकांच्या अशा धीराच्या कामावरच उभे राहतात. आधुनिक नाण्याचेही तेच. सालाखाली चौकोनी हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता, एवढे ज्याला ठाऊक आहे, तो पाच रुपयांच्या साध्या नाण्याला लाखो रुपये मिळण्याच्या अफवेला फसत नाही. अशा फसवणुकीत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरले जाऊ लागले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला लोकांना जाहीर इशारा द्यावा लागला. त्या अफवेवर उतारा म्हणजे शेकडो टेबले एका छताखाली असलेले प्रदर्शन. इथे खरा भाव तासाभराच्या फेरीत कळतो.

फोटो पाहून घरबसल्या नाणे घेता येत असताना एवढा खटाटोप कशाला, या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. ओतीव बनावट नाण्याच्या कडेवरची सांध्याची रेघ, पृष्ठभागावरचे बुडबुड्यांचे खळगे, चिंच लावून घासलेल्या तांब्याची नकली लाली, या गोष्टी भिंग आणि हात यांनाच कळतात. पेशवाईत डझनभर जातींचे रुपये एकाच बाजारात चालत, तेव्हा पोतदार प्रत्येक रुपया पारखी आणि सराफ त्याच्या जातीप्रमाणे बट्टा ठरवी. नावाला बट्टा लागणे हा आपला वाक्प्रचार त्याच व्यवहारातून आला. आजच्या विक्रेत्याचे टेबल म्हणजे त्या पोतदाराची जागा आहे, आणि पोतदाराची पत त्याच्या पारखीइतकीच त्याच्या वहीवर टिकून असे.

म्हणून आतिथ्याचा एक भाग म्हणून स्वागत समितीने सभागृहाच्या दाराशी एक नोंदटेबल मांडले आहे. तिथे तराजू आहे, कॅमेरा आहे, कोऱ्या चिठ्ठ्या आहेत. आपण घेतलेल्या किंवा विकलेल्या नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो, माहीत असेल तर मिळाल्याचा परिसर आणि सोबतची नाणी, एवढे तिथे लिहून जावे. नाव लिहिण्याची सक्ती नाही. चिठ्ठीची एक प्रत नाण्याबरोबर राहील, दुसरी अभ्यासकांसाठी ठेवली जाईल. राहण्या-जेवणाच्या व्यवस्थेत काही उणे राहिले असेल तर त्याचा दोष आमचा. ते उदार मनाने पोटात घालावे. पण परतीच्या गाडीत बसण्याआधी दाराशी थांबून एक चिठ्ठी लिहायला विसरू नका.