हिंगाची डबी



बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या. खानावळ चालवायच्या. रोज साठ-सत्तर माणसांचं जेवण त्यांच्या हातचं. म्हणाल्या, "डॉक्टर, माझी चव गेली. मीठ कळतं, तिखट कळतं, पण आमटी आमटीसारखी लागत नाही. फोडणीत हिंग पडला की नाही, ते मला सुनेला विचारावं लागतं." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नाक चोंदतं, घोरायला होतं, रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो, हे सगळं त्यांनी नंतर आणि माझ्या विचारण्यावरून सांगितलं. आधी आला तो हिंग.

त्यांच्या दोन्ही नाकपुड्यांत सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट, ओलसर, लोंबते घोस होते. त्यांना आम्ही पॉलिप म्हणतो. लोक म्हणतात, नाकात मांस वाढलं. आज मी बोलणार आहे ते या वाढलेल्या मांसाबद्दल. खरं तर ते मांस नव्हेच, आणि माझं सगळं सांगणं तिथूनच सुरू होतं.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. आपल्याकडे नाकाच्या प्रत्येक तक्रारीला तीनच नावं आहेत. "नाकाचं हाड वाढलंय", "मांस वाढलंय" आणि "मला सायनस आहे". सायनस तर प्रत्येकालाच असतात. गालाच्या हाडात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि खोल मागे, कवटीच्या तळाशी असलेल्या हवेच्या पोकळ्या म्हणजे सायनस. हाड वाढलं म्हणतात तेव्हा बहुधा नाकाचा मधला पडदा एका बाजूला कललेला असतो. आणि मांस वाढलं म्हणून ज्यांना घाबरवलं जातं, त्यांतल्या कितीतरी जणांच्या नाकात फक्त सुजलेली शंखास्थी असते. ती देवाने प्रत्येकालाच दिली आहे, हवा गरम आणि दमट करायला. आरशात बॅटरी धरून बघितलं तर तिचं गुलाबी टोक दिसतं आणि माणूस दचकतो. फरक सोपा आहे. शंखास्थी गुलाबी असते आणि तिला स्पर्श केला तर दुखतं. पॉलिप फिकट, राखाडी-पिवळसर असतो, हलतो, आणि त्याला हात लावला तरी बहुधा काही कळत नाही. अर्थात हे तपासायचं डॉक्टरने. घरी काडी घालून नव्हे.

मग पॉलिप म्हणजे काय? तुमच्यातले कोकणातले आणि मुंबईतल्या जुन्या चाळींतले लोक हे चटकन ओळखतील. पावसाळ्यात भिंतीत ओल मुरते. आधी डाग पडतो, मग रंग फुगतो, आणि शेवटी त्याचे फोड लोंबायला लागतात. नाकाच्या आणि सायनसच्या आतल्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज राहिली की तेही असंच ओलावतं, फुगतं आणि खाली उतरतं. पॉलिप म्हणजे ते फुगलेलं अस्तर. डोळ्यांच्या मधे हाडाच्या बारीक बारीक कप्प्यांचं एक पोळं आहे. बहुतेक पॉलिप तिथून निघतात. आत पाण्यासारखा द्रव आणि सुजेच्या पेशी असतात. बऱ्याच रुग्णांत त्यांत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा भरणा असतो. दम्यातही याच पेशींचा हात असतो, म्हणून पॉलिप आणि दमा कितीदा तरी एकाच घरात राहतात. घर तेच आहे. नाकापासून फुप्फुसापर्यंत अस्तर एकच.

हा आजार माणसाला फार जुना ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेत नाकाचे 31 रोग सांगितले आहेत, त्यांत पॉलिपशी मिळताजुळता नासार्श आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेत तर एक उपाय असा होता: स्पंजाच्या तुकड्याला दोरे बांधायचे, ते नाकातून घालून तोंडातून बाहेर काढायचे आणि जोर लावून ओढायचे. स्पंजाबरोबर पॉलिपही फरफटत बाहेर. भूल नाही. त्या माणसांनी काय सोसलं असेल! पण ओढून काढलं तरी ते परत येतं, हे त्यांनाही दिसत असणार. ओल तशीच ठेवून नुसता फोड खरवडला तर दुसरं काय होणार?

ही चूक मीही केली आहे, म्हणून इतक्या कळवळ्याने सांगतो. त्या खानावळवाल्या बाईंचं ऑपरेशन झालं, नाक मोकळं झालं आणि मी त्यांना म्हणालो, "झालं, सुटलात तुम्ही." तीन वर्षांनी त्या पुन्हा माझ्यासमोर बसल्या होत्या. पुन्हा तेच घोस. त्यांनी मला दोष दिला नाही. पण त्यांना मी खोटी आशा दिली होती. ऑपरेशनइतकंच पुढचं सांगणं महत्त्वाचं असतं, हे मला तेव्हा उमगलं. बेल्जियममधल्या गेंट इथल्या डॉक्टरांनी पॉलिपचं ऑपरेशन झालेल्या 38 रुग्णांना 12 वर्षांनंतर पुन्हा तपासलं. पाचांतल्या जवळजवळ चौघांच्या नाकात पॉलिप परत आलेले दिसले, आणि एक तृतीयांशाहून थोड्या अधिक लोकांना या काळात पुन्हा ऑपरेशन करावं लागलं होतं. आकडा छोट्या गटाचा आहे, पण आमच्या रोजच्या अनुभवाशी जुळतो. म्हणून मी आता कुणालाही "सुटलात" म्हणत नाही. मधुमेह, रक्तदाब यांसारखा हा सांभाळायचा आजार आहे. आणि तो चांगला सांभाळता येतो.

उपचारांकडे वळण्यापूर्वी दोन इशारे. घाईने सांगतोय, पण विसरू नका. पहिला: पॉलिप सहसा दोन्ही बाजूंना असतात. एकाच नाकपुडीत गाठ असेल, त्यातून रक्त येत असेल, डोळा पुढे आलेला किंवा दुहेरी दिसत असेल, तर तो साधा पॉलिप धरायचा नाही. तरुण मुलांत गालाच्या पोकळीतून निघून घशापर्यंत लोंबणारा एकच पॉलिप असतो, तो निरुपद्रवी. पण तशीच दिसणारी गाठ कधी दुसरी निघते, कधी कर्करोगाचीही, म्हणून तुकडा तपासावा लागतो. आणि लहान बाळाच्या नाकातली पॉलिपसारखी गाठ म्हणजे कवटीतल्या भोकातून खाली उतरलेलं मेंदूचं आवरणही असू शकतं. स्कॅन केल्याशिवाय तिला कुणीही हात लावता कामा नये. मस जाळून देतो, औषधाची वात घालून मांस पाडतो, असं सांगणारे गावोगाव भेटतात. त्यांच्याकडे मूल नेऊ नका, हात जोडून सांगतो.

दुसरा इशारा वेदनाशामक गोळ्यांचा. पॉलिप आणि दमा असलेल्या काही लोकांना अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळीने तास-दोन तासांत नाक गच्च होतं, छाती भरते, जीव घाबरा होतो. फ्रान्समध्ये विदाल यांनी 1922 मध्ये हे नोंदवलं. पुढे 1968 च्या सुमारास अमेरिकेत सॅम्टर यांच्यामुळे ते डॉक्टरांच्या नजरेत नीट भरलं. आपल्याकडे कंबर दुखली की दुकानातून पाकीट आणून गोळी घेतली जाते. असा त्रास एकदा जरी झाला असेल तर गोळीचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर मात्र ती मनाने बंद करू नका, आधी विचारा.

आता उपचार. पहिली पायरी नाक धुण्याची. जलनेतीचं भांडं तुमच्यापैकी अनेकांकडे असेल. अर्धा लिटर पाण्याला साधारण एक सपाट छोटा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या. न उकळलेल्या पाण्यातला नेग्लेरिया नावाचा अमिबा नाकातून मेंदूत शिरण्याचे प्रकार क्वचितच होतात, पण त्यातून जवळजवळ कुणी वाचत नाही. पाणी उकळायला दहा मिनिटं लागतात, तेवढी काढाच.

दुसरी पायरी स्टेरॉइडच्या फवाऱ्याची, आणि इथे मी जरा थांबणार आहे. सगळ्या उपचारांचा पाया हाच, आणि सगळ्यात जास्त हेळसांडही याचीच. स्टेरॉइड म्हटलं की माणसं बिचकतात. मोमेटासोन, फ्लुटिकासोन या फवाऱ्यांतलं औषध रक्तात अगदी नगण्य जातं. ते काम करतं जिथे पडतं तिथेच. पण पडायला हवं ना! बहुतेक लोक मान वर करतात, बाटली नाकाच्या मधल्या पडद्याकडे रोखतात, फवारतात आणि जोरात ओढतात. औषध थेट घशात. वर पडदा कोरडा पडून रक्त येतं ते वेगळंच. बरोबर पद्धत अशी: मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डावीसाठी उजवा. म्हणजे बाटलीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे होतं. फवारायचं, हळू श्वास घ्यायचा. आधी नाक धुतलेलं असेल तर उत्तम. आणि आजच्या आज गुण यायची अपेक्षा नको. फरक कळायला काही आठवडे लागतात. लोक आठ दिवसांत कंटाळतात आणि मेडिकलमधून नाक मोकळं करणारे थेंब आणतात. ते थेंब पाच मिनिटांत जादू करतात, पण आठवड्यापेक्षा जास्त घातले तर थेंबांशिवाय नाक उघडतच नाही. हे मी रोज बघतो.

तिसरी, स्टेरॉइडच्या गोळ्या. यांनी पॉलिप झपाट्याने आक्रसतात. दोन-तीन दिवसांत वास येऊ लागतो आणि माणूस हरखून जातो. धोका तिथेच आहे. डॉक्टरची जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा गोळ्या आणणारे लोक मला भेटतात. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. थोड्या दिवसांचा, डॉक्टरने ठरवलेला डोस, वर्षातून एखाद-दोनदा, यापलीकडे नाही.

एवढं करूनही नाक बंदच राहिलं तर ऑपरेशन. आजचं ऑपरेशन म्हणजे हिपोक्रेटिसचा स्पंज नव्हे. इंग्लंडमधल्या हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्या काचेच्या दांड्यांच्या भिंगरचनेमुळे चार मिलिमीटर जाडीच्या दुर्बिणीतून लख्ख दिसू लागलं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात मेसरक्लिंगर यांनी त्या दुर्बिणीतून सायनसची कवाडं अभ्यासली आणि दाखवून दिलं की सायनस खरवडून काढायची गरज नाही. त्यांची चोंदलेली दारं उघडली की ते स्वतःच बरे होऊ लागतात. ग्राझचेच श्टामबेर्गर आणि अमेरिकेतले केनेडी यांनी 1980 च्या दशकात हे जगभर नेलं. आधी सीटी स्कॅन होतं, कारण सायनस आणि डोळा यांच्यामधलं हाड खरोखर कागदाइतकं पातळ आहे आणि छपरावर मेंदू आहे. डोळ्याला इजा, मेंदूभोवतीचं पाणी गळणं, रक्तस्राव हे धोके फार क्वचित येतात, पण येतात. सही करण्यापूर्वी ते विचारा. विचारलेलं चांगल्या सर्जनला आवडतं.

ऑपरेशनने आणखी एक गोष्ट होते, जी लोकांना कुणी सांगत नाही. दारं उघडल्यामुळे धुण्याचं पाणी आणि फवारा आतपर्यंत पोचू लागतो. म्हणजे ऑपरेशनमुळे फवारा सुटत नाही, उलट त्याचा खरा उपयोग तेव्हा सुरू होतो.

आपल्या देशात पॉलिपच्या काही रुग्णांच्या सायनसमध्ये बुरशीच्या अ‍ॅलर्जीने चिकट, गडद चिखल साठतो. 2021 नंतर बुरशी म्हटलं की म्युकर, म्हणजे ती काळी बुरशी, आठवतो आणि घरचे रडायला लागतात. हा तो नव्हे. हा हळूहळू वाढतो, पण साफ करावाच लागतो.

आणि अगदी नवं म्हणजे इंजेक्शनं. अमेरिकेत 2019 मध्ये पॉलिपसाठी डुपिलुमॅबला परवानगी मिळाली, 2020 मध्ये ओमालिझुमॅबला, 2021 मध्ये मेपोलिझुमॅबला. सूज पेटवणारे शरीरातले निरोप ही औषधं वाटेतच अडवतात. ओलीची नळीच बंद करतात म्हणा ना. दमा असलेल्या, दोन-दोन ऑपरेशनं होऊनही पॉलिप परतलेल्या माणसांना त्यांनी मोठा दिलासा दिला आहे. पण ती चालू ठेवावी लागतात, थांबवली की बऱ्याच जणांत सूज परतते, आणि वर्षाचा खर्च मध्यमवर्गाला झेपणारा नाही. आपल्याकडेही यांतली काही मिळतात. ती स्वस्त व्हावीत, सरकारी योजनांत यावीत, असं मला मनापासून वाटतं.

त्या बाईंचं दुसरं ऑपरेशन झालं त्याला आता नऊ वर्षं झाली. या वेळी मी त्यांना बसवून सगळं सांगितलं. पॉलिप परत यायला लागले की सर्वांत आधी बहुधा वास कमी होतो, नाक नंतर चोंदतं. म्हणून वास तपासत राहा. पण बामाने किंवा कापराने नको. त्यांचा गारवा आणि झोंबणं दुसरी नस सांगते, वास गेलेल्यालाही ते जाणवतं. त्यांनीच विचारलं, हिंग चालेल? म्हटलं, हिंगासारखं दुसरं काही नाही.

तेव्हापासून सकाळी फवारा मारून झाला की चुलीपाशी उभ्या राहून त्या हिंगाची डबी उघडतात. या नऊ वर्षांत दोनदा असं झालं की लागोपाठ चार दिवस हिंग कळला नाही. दोन्ही वेळा पाचव्या दिवशी त्या माझ्या दवाखान्यात होत्या. दुर्बिणीत बघितलं तर अस्तर नुकतं फुगू लागलं होतं, घोस अजून धरले नव्हते. दोन्ही वेळा औषधांवर भागलं.