उभी तार, आडवी तार

(हीरक महोत्सवी वर्षात शाळेच्या रेडिओ कक्षाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



मी मराठीची एम. ए.; विद्युत्चुंबकीय लहरींशी माझा संबंध आकाशवाणी ऐकण्यापुरता. तरीही गेल्या महिन्यात शाळेच्या गच्चीवर घडलेला प्रसंग मीच सांगायला हवा, कारण त्यातली चूक माझी होती.

आपले एक माजी विद्यार्थी परवानाधारक हौशी रेडिओचालक आहेत. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या घरातून ते 145 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलणार आणि त्यांच्या परवानाधारक स्नेह्यांच्या देखरेखीखाली आमच्या मुली हातातल्या संचावर ऐकणार, असे ठरले होते. खरखरीपलीकडे काहीच येईना. संच बिघडला, असे मी जाहीर करून टाकले. तेवढ्यात नववीतल्या एका मुलीने संच आडवा धरला आणि शब्द उमटले. मी मात्र सवयीने दटावले, "सरळ धर, पडेल." तिने सरळ धरला, आवाज गेला.

अँटेनाची तार ज्या दिशेला, त्याच दिशेला लहरीतील विद्युत क्षेत्र आंदोलते. हेच ध्रुवीकरण. (वृत्तपत्रांनी या शब्दाची केलेली अवस्था क्षणभर विसरावी, महाराष्ट्राबाहेरच्या या शाळेत आम्ही तो विज्ञानाच्या तासासाठी जपून ठेवला आहे.) त्यांच्या घरावरील यागी अँटेना आडवी होती, कारण एकपार्श्वपट्ट पद्धतीने दूरवर बोलणाऱ्यांचा तसा प्रघात आहे. एकेकाळी आपल्या घरांवर असलेल्या दूरदर्शनच्या अँटेनांच्या दांड्याही आडव्याच असत. हातातल्या संचाची अँटेना उभी. दोन्ही काटकोनात आल्या, तर सिद्धांताप्रमाणे काहीच पोहोचू नये. इमारतींवर आपटून लहरी थोड्या वळतात, म्हणून काही पोहोचते. तरी 20 डेसिबेलची घट, म्हणजे शक्तीचा शंभरावा भाग उरणे, सहज घडते. शिवाय एफ. एम. मध्ये क्षीण झालेला आवाज हळूहळू मावळत नाही; एका मर्यादेखाली तो खरखरीत बुडूनच जातो.

जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथिलाचे पत्रे घालून लहरींचे ध्रुवीकरण दाखवले होते. आमच्या मुलीला तेवढीही सामग्री लागली नाही.

हातात मोबाइल असताना हे कशाला, असे काही पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून हौशी रेडिओचालकांनी निरोप पोहोचवले, हे त्याचे एक उत्तर. अशा वेळी माणूस संच घेऊन चालत असतो किंवा गाडीत असतो. उभी अँटेना चहूदिशांना सारखीच बोलते आणि ऐकते. गाडी कोणीकडेही वळो, फरक पडत नाही. म्हणून गावातल्या गावात बोलायचे, तर दोन्ही टोकांना उभी तार हवी.

आपल्या गच्चीवरील अँटेना मुलींनी स्वतः मोजून कापली आहे: पाव तरंगलांबीची, म्हणजे सुमारे 50 सेंटीमीटरची दांडी, खाली चार तारा. माजी विद्यार्थ्यांनीही आपली यागी उभी फिरवली. धातूच्या खांबाला दांड्या समांतर आल्या की तिचे काम बिघडते, म्हणून त्यांनी ती बांबूवर बसवली.

चार वाजता ते हाक देणार आहेत. संच त्याच मुलीच्या हाती असेल. तिने तो कसाही धरला, तरी मी आज मध्ये बोलणार नाही.